पायथ्याचा महाल: अल्पपरिचित राणीवर पहिली कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी

ग्वाल्हेरचा किल्ला पूर्वेच्या वाटेने चढायला घेतला की पहिल्या दरवाज्याच्या आत, डोंगराच्या पायथ्याशीच, गुजरी महाल लागतो. तिथून सुमारे तीनशे फूट वर, कड्याच्या काठावर, निळ्या फरश्यांचं मानमंदिर. दोन्ही मानसिंग तोमराने बांधले. त्याची कारकीर्द १४८६ ते १५१६. वरचा महाल स्वतःसाठी आणि खालचा मृगनयनीसाठी. ती राई गावच्या गुजरांची मुलगी. राजाने कूळ, नातं, सोय काही न बघता मन बसलं म्हणून तिच्याशी लग्न केलं, असं सांगतात.

माझी आत्या ग्वाल्हेरला लष्करात राहते. (लष्कर हा तिथला शहराचा भाग आहे, शिंद्यांची छावणी पडली होती तिथे वसलेला. पुण्यातल्या मैत्रिणींना आत्या फौजेत आहे असं वाटायचं.) तिने मला पहिल्यांदा तो महाल दाखवला तेव्हा मी विचारलं, एवढं प्रेम होतं तर तिला खाली का ठेवलं? या एका प्रश्नावर कादंबरी उभी राहिली, पण त्यात माझी चार वर्षं गेली. त्यातली दोन निव्वळ चुका निस्तरण्यात. तुमची तरी वाचावीत म्हणून हे लिहितेय. तुमची राणी दुसरी असेल, देशही दुसरा असेल. माझ्या राणीची उदाहरणं घेऊन सांगते, कारण मला तीच ठाऊक आहेत.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- राजांची कारकीर्दवार यादी. तुमच्या राजघराण्याची आणि त्याच्या शत्रूंचीही. माझ्याकडे तोमर आणि लोदी (दिल्लीचे सुलतान) अशा दोन याद्या शेजारी शेजारी होत्या.
- त्या काळाच्या जवळात जवळचा साक्षीदार. माझ्यासाठी बाबरनामा. बाबर १५२८ मध्ये ग्वाल्हेरला आला, म्हणजे मानसिंग गेल्यावर बारा वर्षांनी, आणि त्याने दोन्ही राजांच्या, मानसिंगाच्या आणि त्याचा मुलगा विक्रमादित्याच्या, इमारती फिरून पाहिल्या.
- स्थानिक बखर किंवा आख्यान. माझ्या बाबतीत खड्गरायाचं ‘गोपाचल आख्यान’, सतराव्या शतकातलं.
- इंग्रज अमदानीतला पुरातत्त्वाचा अहवाल. कनिंगहॅमचे ग्वाल्हेरवरचे अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतात.
- विक्रम संवत, शक, हिजरी आणि इसवी सन यांचा मेळ घालणारा तक्ता.
- एक जाड वही. मोबाइलमध्ये टिपलेलं सापडत नाही, हा माझा अनुभव.
- ग्रंथालयासाठी ओळखपत्र आणि एखादं शिफारसपत्र. भांडारकर संस्थेत किंवा भारत इतिहास संशोधक मंडळात जाणार असाल, तर कोणता ग्रंथ हवा ते आधी लिहून न्या. ‘मध्ययुगीन राण्यांवर काही आहे का’ असं विचारून हाती काही लागत नाही.

१. आधी माणूस पक्का करा

हे वाचून हसाल. पण माझ्या पहिल्या महिन्यातली निम्मी टिपणं चुकीच्या मानसिंगाची निघाली. इंटरनेटवर ‘राजा मानसिंग’ शोधलं की पुढे येतो तो आमेरचा, अकबराचा सेनापती, हळदीघाटीवाला. तो जन्मला १५५० मध्ये, माझा राजा जाऊन चौतीस वर्षं झाली होती. त्या काळात एकाच नावाचे राजे पन्नास-पन्नास वर्षांच्या अंतराने भेटतात आणि राण्यांची तर नावंच नसतात, बिरुदं असतात. ‘मृगनयनी’ हे तरी जन्मनाव असेल का? हरणासारख्या डोळ्यांची, हे कुणीतरी नंतर दिलेलं कौतुकाचं नाव वाटतं. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर घराणं, बापाचं नाव, कारकीर्दीची दोन वर्षं आणि राजधानी एवढं लिहा. नवं टिपण करताना ते या चारींशी जुळतं का, बघा. नाही जुळलं तर टिपण फाडून टाका, ‘बघू नंतर’ म्हणून ठेवू नका.

२. वहीत तीन रकाने पाडा

पहिला रकाना: घडलं. दुसरा: सांगतात. तिसरा: माझं.

पहिल्यात मानसिंगाची वर्षं, सिकंदर लोदीच्या मोहिमा, बाबराची भेट आणि प्रत्यक्ष उभ्या इमारती. दुसऱ्यात दोन झुंजणाऱ्या म्हशींना शिंगं धरून बाजूला करणारी मुलगी, शिकारीला आलेला राजा, तिच्या अटी, राईहून आणलेलं पाणी. तिसऱ्यात तुम्ही रचलेलं सगळं. सोपं वाटतं, पण रकान्यांमधल्या भिंती कच्च्या असतात. दुसऱ्यातलं पहिल्यात कधी झिरपलं, कळत नाही.

गुजरी रागाचं घ्या. मृगनयनीच्या नावावरून मानसिंगाने गुजरी, बहुल गुजरी, माल गुजरी, मंगल गुजरी असे राग बांधवले, हे कनिंगहॅमनेही नोंदवलं आहे. ‘मानकुतूहल’ हा संगीतावरचा ग्रंथ मानसिंगाच्या नावावर आहे आणि ध्रुपदाला त्याच्या दरबारात बळ मिळालं. मी ते थेट पहिल्या रकान्यात टाकलं आणि त्यावर एक अख्खं प्रकरण रचलं: राजा रात्रभर जागून प्रियेच्या नावाने नवा राग घडवतो, वगैरे. मग संगीत शिकणाऱ्या एका मैत्रिणीने शांतपणे सांगितलं की गुर्जरी राग बाराव्या शतकातल्या जयदेवाच्या गीतगोविंदात आहे. आणि तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने देवगिरीत बसून शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या संगीतरत्नाकरातही आहे. म्हणजे राणी जन्मायच्या दोन-अडीचशे वर्षं आधी आपल्या देवगिरीत या रागाची चर्चा झालेली!

प्रकरण फाडलं. पण नंतर लिहिलेलं त्याहून बरं झालं. गायक राग आळवतो, राजा म्हणतो, ‘हा तुझा.’ ती म्हणते, ‘माझा कसा? हे सूर तर हे बीनकार येण्याआधीपासून आमच्या नावाचे आहेत. तुम्ही आज ऐकलेत.’ ती गुजर, तो राग गुर्जरी. राजाचं कौतुक तिने हसून परत केलं. दंतकथा खोटी ठरली की रडायचं नाही, ती कशी तयार झाली असेल ते लिहायचं.

इथलाच आणखी एक सापळा म्हणजे आधीच्या कादंबऱ्या. या राणीवर हिंदीत १९५० साली आलेली एक कादंबरी इतकी गाजली की तिच्यातली पात्रं लोक इतिहास म्हणून सांगतात. पर्यटकांना, चहाच्या टपरीवर, नातवंडांना. तुमच्या राणीवर आधी कुणी लिहिलं असेल तर ते वाचा, त्यातल्या कल्पित नावांची यादी करा आणि ती यादी भिंतीवर लावा. त्यांतलं एकही नाव तुमच्या पानात येता कामा नये. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात, हे वेगळंच.

३. प्रेम अटींमध्ये शोधा

मध्ययुगीन राणीचं प्रेम लिहायला बसलं की हात आपोआप चांदण्याकडे जातो. माझा गेला होता. पहिल्या खर्ड्यात राजा आणि मृगनयनी एकमेकांकडे बघत बसले होते, दीडशे पानं.

मग मी दंतकथेतल्या तिच्या तीन अटींकडे वळले. राई गावचं पाणी महालापर्यंत आलं पाहिजे. राहायला वेगळा महाल हवा. आणि लढाईला राजा निघाला तर मी बरोबर. या काही लाजऱ्या नवरीच्या मागण्या नाहीत. गायीम्हशींचं दुभतं सांभाळणाऱ्या, बाजारात दुधाचा भाव ठरवणाऱ्या घरातली मुलगी बोलतेय, आणि ती सौदा करतेय. राजाला हो म्हणायची किंमत ती आधीच ठरवून घेते. एकेक अट घेऊन बसा आणि तिला व्यवहाराचे प्रश्न विचारा.

पाणी आणायचं तर नळ खापराचे असतील का? उतार कसा साधला? चर खणायला माणसं कुठली, आणि ती खणत असताना गावात काय बोलणं चालायचं? पाणी गावाच्या नदीचंच का? मला उत्तर मिळालं ते आत्याच्या घरी. लग्न होऊन पन्नास वर्षं झाली तरी ती ‘आमच्या सांगलीच्या पाण्याची चव’ काढते. माहेर सोडणाऱ्या बाईला दुसरं काही मागता येत नाही तेव्हा ती पाणी मागते.

वेगळा महाल, आणि तो पायथ्याशी. याचे दोन अर्थ निघतात. वरच्या रजपूत राण्यांनी गुजर सवतीला पंगतीला घेतलं नाही म्हणून तिला खाली ठेवलं, हा एक. तो खरा असू शकतो आणि तुम्ही तो गाळलात तर तुमची कादंबरी गुळचट होईल. दुसरा मला बाबराने दिला. मानसिंगाचा महाल त्याला आवडला, पण खालचे मजले इतके अंधारे की मेणबत्त्या घेऊन पाहावे लागले, असं तो लिहितो. दिवसभर उघड्या रानात वाढलेली मुलगी त्या मेणबत्त्यांच्या अंधारात राहायला का तयार होईल? माझ्या कादंबरीत वरच्या राण्या तिला नको म्हणतात, हे खरंच आहे. पण त्यांचं ‘नको’ तिच्यापर्यंत पोचायच्या आत तिनेच ‘मी वर येणार नाही’ म्हटलेलं असतं. आणि राजाला तिला भेटायला पाच दरवाजे उतरून यावं लागतं, परत चढून जावं लागतं. प्रेम कुठे दाखवायचं हा प्रश्न मला पुन्हा पडला नाही.

सवतींबद्दल एक सूचना. ती त्याची एकुलती राणी नव्हती. ‘प्रेमविवाह’ हा आपला शब्द डोक्यात ठेवून लिहिलंत तर उरलेल्या राण्या मालिकेतल्या खलनायिका होतात. निदान एकीला तरी तिची बाजू द्या. माझी थोरली राणी म्हणते, ‘तिला पाणी मिळालं. मला कुणी विचारलं होतं का, कुठलं हवं?’ हे वाक्य सुचायला मला सहा महिने लागले.

४. कालपट मांडा, आणि पंचांगाला घाबरा

एका मोठ्या कागदावर वर्षं लिहा. डावीकडे महालात काय चाललंय, उजवीकडे बाहेर काय. माझ्या उजव्या बाजूला सिकंदर लोदी होता. १५०४ च्या सुमारास त्याने आग्र्याला ठाणं मांडलं, म्हणजे ग्वाल्हेरहून सव्वाशे किलोमीटरच्या आत शत्रू येऊन बसला. मग धौलपूर, १५०५ मध्ये मंडरायल, १५०८ मध्ये नरवर. एकेक बाहेरचा किल्ला पडत गेला, पण सिकंदराला ग्वाल्हेर मिळालं नाही. मधेच जुलै १५०५ मध्ये आग्र्याला मोठा भूकंप झाला. उजवी बाजू अशी भरली की डावीकडचे संवाद आपोआप बदलतात. नरवर पडल्याच्या आठवड्यात कुणी चांदणं बघत बसत नाही.

लग्नाचं वर्ष मी १४९० च्या दशकात धरलं. ते तिसऱ्या रकान्यात आहे आणि पुस्तकाच्या शेवटी तसं स्पष्ट लिहिलंय.

आता पंचांग. विक्रम संवतातून ५७ वजा केले की साधारण इसवी सन मिळतो, शकात ७८ मिळवले की मिळतो, इतपत सगळ्यांना येतं. मराठी माणूस फसतो तो महिन्यात. आपले महिने अमावास्येला संपतात, उत्तरेत पौर्णिमेला. शुक्ल पक्षात दोन्हीकडे एकच नाव, कृष्ण पक्षात मात्र उत्तर एक महिना पुढे. आपली गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीची, ग्वाल्हेरला तोच दिवस भाद्रपद कृष्ण अष्टमी. मी एका जुन्या तिथीवरून पावसाचं दृश्य लिहिलं आणि एक महिना चुकले. त्यामुळे ओढ्याला पूर यायला हवा तिथे माझे घोडेस्वार धूळ उडवत निघाले.

५. स्वयंपाकघर, वाद्यं आणि दरवाजे तपासा

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक इथली. मृगनयनीची आई तिला भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा बांधून देते, असं मी मोठ्या प्रेमाने लिहिलं होतं. आत्या चष्मा कपाळावर सरकवत म्हणाली, ‘अगं, पण मिरची पोर्तुगिजांनी आणली ना?’

वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ मध्ये, गोवा त्यांनी घेतलं १५१० मध्ये. मृगनयनीच्या राई गावात मिरची कुठून येणार! मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणे, पेरू, तंबाखू, ही सगळी अमेरिकेची देणगी. १५०० च्या आसपासच्या ताटातून ही काढून टाका. तिखटासाठी मिरी, पिंपळी, आलं आहे. हिंग-मोहरी आहे. आणि गुजराच्या घरात दूध, दही, तूप, ताक याला तोटा नाही. ठेच्याच्या जागी मी बाजरीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला. तो अर्ध्या वाटेत वितळून फडक्याला लागतो आणि मुलगी फडकं चोखते. ठेचा असता तर हे सुचलं नसतं.

वाद्यांत पखवाज आणि बीन (वीणा, पुंगी नव्हे) चालेल, तबला-सतार नको. तानसेन नको, त्याचं नाव गाजलं ते मानसिंग गेल्यावर कितीतरी वर्षांनी. आणि दरवाज्यांची नावं नीट बघा. आज पायथ्याला जो आलमगिरी दरवाजा म्हणतात त्या नावात औरंगजेब आहे. तुमची राणी त्यातून आत शिरली तर वाचक पुस्तक मिटेल. उलट वाटेवरचं चतुर्भुज मंदिर बिनधास्त वापरा. त्यात ८७६ सालचा शिलालेख आहे, शून्य असलेले आकडे कोरलेला, देवाला रोज पन्नास माळा देण्याची व्यवस्था सांगणारा. राजा खाली उतरताना त्या मंदिरापाशी थांबायचा, असं मी लिहिलंय. त्याच्या काळातही ते सहाशे वर्षं जुनं होतं.

६. जागेवर जा, शक्यतो दोनदा

संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात. मी सोमवारीच पोचले, दोष माझाच. गुजरी महालात आता पुरातत्त्व संग्रहालय आहे. ग्वाल्हेर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याच्या मो. बा. गर्दे या मराठी माणसाच्या पुढाकाराने ते झालं. ग्यारसपूरच्या शालभंजिकेची मूर्ती बघायला सगळे तिथे जातात. तुम्ही मूर्तींच्या आधी चौक बघा. मधे उघडा चौक, भोवती लहान लहान खोल्या. मी दुपारी एकला अनवाणी उभी राहिले तेव्हा दगड चटके देत होता आणि दोन पावलांवर ओवरीत गारवा होता. वहीत फक्त एवढंच लिहिलं: ‘दोन पावलं.’ तिथल्या कुठल्याही फोटोपेक्षा ते मला जास्त उपयोगी पडलं.

चढ पायी चढा. किती वेळ लागतो, दम कुठे लागतो, खालचा महाल कोणत्या वळणावर दिसेनासा होतो, हे टिपा. तिवई लावून फोटो काढायचे असतील तर आधी परवानगी लागते.

७. तिला शनिवारवाड्यात नेऊ नका

मराठी ऐतिहासिक कादंबरीची भाषा आपल्या कानांत इतकी मुरली आहे की पात्र राजघराण्यातलं म्हटलं की ‘स्वारी’, ‘मुजरा’, ‘आऊसाहेब’ आपोआप येतात. माझी मृगनयनी म्हणायची, ‘स्वारींची आज्ञा शिरसावंद्य.’ आत्याने विचारलं, ‘ही ग्वाल्हेरची का पेशव्यांची?’ मी ते सगळं काढलं आणि साधी, बिनदरबारी मराठी ठेवली. राणी राजाला ‘तुम्ही’ म्हणते, राजा तिला ‘तू’, पण रागावली की ती त्याला नावाने हाक मारते, आणि हे कादंबरीत तीनदाच घडतं.

तिकडच्या बोलीतले दोन-चार शब्द घाला, जास्त नको. मुलीला तिकडे ‘मोडी’ म्हणतात. मी हौसेने वापरला. पहिल्या तीन वाचकांनी विचारलं, राणीला मोडी लिपी येत होती का? काढला.

८. शेवट कुठे, हे जागा सांगते

एका प्रकाशकांना शेवटी जोहार हवा होता. राणी म्हटलं की ज्वाळा पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं. ग्वाल्हेरचा जोहार सांगतात तो १२३२ मधल्या इल्तुतमिशच्या वेढ्याचा. तो उचलून पावणेतीनशे वर्षं पुढे आणायला मी नकार दिला आणि हस्तलिखित परत आलं.

शेवट मला सापडला नकाशात. मानसिंगानंतर इब्राहीम लोदीच्या फौजेने वेढा घातला तेव्हा आधी पडला तो बादलगड, पायथ्याचा कोट. गुजरी महाल त्याच भागात आहे. वरचा किल्ला अजून लढत होता आणि प्रेमाने बांधलेला महाल शत्रूच्या वाटेत पहिला आला होता. ती तेव्हा तिथे होती का, हा तिसरा रकाना. मी तिला ठेवलं. राईच्या पाण्याचा नळ एका सकाळी कोरडा पडतो, ती नळाखाली हात धरून थोडा वेळ थांबते, आणि वर जाणाऱ्या वाटेकडे पाहते. पुढे विक्रमादित्य लोदींना मिळाला, १५२६ मध्ये पानिपतावर त्यांच्याच बाजूने लढताना पडला. त्याला कादंबरीत मी एक ओळसुद्धा दिली नाही. ती त्याची गोष्ट नव्हती.

९. हस्तलिखित झाल्यावर

लवकर सांगते, कारण यात मजा नाही. शेवटी ‘लेखिकेचे चार शब्द’ घालून तीन रकान्यांचा हिशेब द्या. वाचक त्यासाठी दुवा देतात. युनिकोडमध्ये टाइप करा, नाहीतर फाँट बदलताना जोडाक्षरं फुटतात. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन सरकारकडून फुकट मिळतो, त्यासाठी पैसे मागणाऱ्याकडे जाऊ नका. मुखपृष्ठावर राणीच्या अंगावर नऊवारी आणि नथ येणार नाही, याकडे स्वतः लक्ष द्या. माझ्या पहिल्या नमुन्यात दोन्ही होती.

आणि मुद्रितं तपासायला दुसऱ्या कुणालातरी द्या, सालांसाठी मुद्दाम. माझ्या पहिल्याच पानावर १४८६ चं १८४६ झालं होतं आणि मी ते चार वेळा वाचून पास केलं होतं. आत्याने फोन केला. म्हणाली, ‘तुझा मानसिंग गादीवर बसलाय खरा, पण आमच्या जयाजीराव शिंद्यांच्या मांडीवर.’